सभ्यतेचा परवाना

१९७० साली विजय तेंडुलकरांचे 'गिधाडे' रंगमंचावर आले, तेव्हा परिनिरीक्षण मंडळाचे एक भांडण साडीवरच्या डागाशी होते. नाटकातले भाऊ आपल्याच गर्भवती बहिणीचा गर्भ लाथा घालून पाडतात आणि तिच्या साडीवर रक्ताचा डाग दिसतो. हा लाल डाग मंडळाला चालेना. शेवटी दिग्दर्शक डॉ. श्रीराम लागूंनी डागाचा रंग निळा केला आणि निळा डाग लालच समजावा, असे प्रयोगाआधी प्रेक्षकांना सांगण्यात येऊ लागले. घरातला लोभ, मारहाण, बहिणीचा आक्रोश सगळे जागच्या जागी राहिले. सरकारी यंत्रणेच्या हाती लागला तो एक रंग. सार्वजनिक नीती आणि अश्लीलता यांवर सरकारने पहारा ठेवावा का, यावर तत्त्वचर्चा पुष्कळ करता येईल. पण हा पहारा प्रत्यक्षात कसा चालतो, याचा दीडशे वर्षांच्या जवळपास अनुभव महाराष्ट्राच्या गाठीशी आहे, आणि तो तपासल्याशिवाय ही चर्चा करण्यात अर्थ नाही. तपासल्यावर मला तरी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा दिसते. ज्या अनीतीसाठी कायदा केला, ती अनीती त्याला सापडत नाही. सापडतात ती अडचणीचे बोलणारी माणसे, आणि त्यांच्याहून जास्त, ज्यांच्या बाजूने बोलायला कोणी नाही अशी माणसे.

या पहाऱ्याचा जन्मच मुळी संशयास्पद आहे. १८७६ चा नाट्यप्रयोग कायदा इंग्रजांनी केला तो बंगालमधल्या राजकीय नाटकांना घाबरून. त्याच्या तिसऱ्या कलमात बदनामीकारक नाटक, सरकारविषयी अप्रीती उत्पन्न करणारे नाटक आणि प्रेक्षकांना नीतिभ्रष्ट करणारे नाटक असे तिन्ही प्रकार एकाच पंगतीला बसवले होते, आणि तिघांवर बंदीचा अधिकारही एकच. राज्यकर्त्यांची अब्रू आणि लोकांची नीती एकाच काठीने राखायची, ही सोय होती. मराठी रंगभूमीला तिचा अर्थ लवकरच कळला. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या 'कीचकवधा'त प्रेक्षकांना कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन दिसू लागला आणि १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. इंग्रज गेले, पण ही सोय राहिली. १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्याचे ३३ वे कलम वाहतूक, रस्त्यावर वाद्ये वाजवणे, खाद्यगृहे, करमणुकीच्या जागा यांचे नियम करण्याचा अधिकार पोलिसांना देते, आणि नाटकाची संहिता आधी तपासून मगच प्रयोगाला परवानगी देण्याची व्यवस्था याच कलमाच्या आधाराने उभी राहिली. हे ३३ वे कलम वाचकांनी लक्षात ठेवावे, पुढे ते पुन्हा येणार आहे.

छापील मजकुराची गोष्ट याहून बोलकी आहे. भारतीय दंडसंहितेच्या २९२ व्या कलमाने अश्लील पुस्तक विकणे गुन्हा ठरवले, पण अश्लील कशाला म्हणायचे ते सांगितले नाही. ती उणीव १८६८ च्या हिकलिन खटल्यातल्या इंग्रजी कसोटीने भरून काढली. ज्यांची मने अशा प्रभावाला बळी पडू शकतात आणि ज्यांच्या हाती तो मजकूर पडण्याचा संभव आहे, त्यांना बिघडवण्याची प्रवृत्ती मजकुरात आहे का, एवढेच न्यायाधीशाने पाहायचे. म्हणजे समाजातल्या सर्वात कच्च्या मनाच्या वाचकाची कल्पना करायची आणि त्याच्या मापाने सगळ्यांचे वाचन बेतायचे. या कसोटीपुढे रघुनाथ धोंडो कर्वे उभे राहिले. १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढणारा हा गणिताचा प्राध्यापक. त्यापायी विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि मरेपर्यंत, पदरमोड करून, चालवले. १९३१ साली व्यभिचाराच्या प्रश्नावरील लेखासाठी त्यांना १०० रुपये दंड झाला. १९३४ साली पुन्हा पकडले, ते डिसेंबर १९३३ च्या अंकातल्या प्रश्नोत्तरांसाठी. वाचक हस्तमैथुनाविषयी, समलिंगी संबंधांविषयी विचारत आणि कर्वे आडपडदा न ठेवता शास्त्रीय उत्तरे देत. इतर कुणापाशी तोंड उघडायची सोय नसलेली ही माणसे होती. 'समाजस्वास्थ्य'च्या मुखपृष्ठावर नग्न चित्रे असत. पण या दोन्ही वेळी शिक्षा झाली ती मजकुराबद्दल.

कर्व्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. फेब्रुवारीअखेरपासून एप्रिलपर्यंत तो खटला चालला. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून ते अश्लील ठरत नाही, हा आंबेडकरांचा पहिला मुद्दा. असले विकृत प्रश्न छापायचेच कशाला, या न्यायाधीशांच्या शंकेवर त्यांचे उत्तर असे होते की विकृती म्हणून जे काही असेल ते ज्ञानानेच जाईल, आणि विचारणाऱ्याला ते ज्ञान नाकारण्याचे कारण नाही. लैंगिकतेचे अभ्यासक हॅवलॉक एलिस यांच्या संशोधनाचा आधारही त्यांनी दिला. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला. आंबेडकरांनी विषय मात्र सोडला नाही. १९३८ साली मुंबई विधिमंडळात संततिनियमनाचा ठराव त्यांच्या पक्षाच्या प्रभाकर रोहम यांनी मांडला, तो फेटाळला गेला. आणि १९५२ साली, कर्वे हयात असतानाच, भारत सरकारने स्वतःचा कुटुंबनियोजनाचा कार्यक्रम सुरू केला. १९३४ चा खटला संततिनियमनावर नव्हता हे खरे. पण शरीराविषयी चारचौघांत, छापील अक्षरात, न लाजता बोलणे हा ज्या सत्तेच्या लेखी दंडनीय प्रकार होता, तिच्या वारसदारांना वीस वर्षांच्या आत तेच बोलणे गावोगाव पोचवावे लागले. कर्व्यांच्या खात्यावर ३०० रुपये दंड तेवढा राहिला. माणसाला चुका करण्याचा हक्क आहे, तसा सरकारलाही असेल. पण आपल्या चुकीसाठी दुसऱ्याला गुन्हेगार ठरवण्याचा नाही.

स्वातंत्र्यानंतर ही कसोटी बदलेल असे वाटणे साहजिक होते. बा. सी. मर्ढेकरांच्या कवितांवर अश्लीलतेचा खटला झाला आणि ते निर्दोष सुटले. मराठी कवितेला वळण देणारा कवी आपल्या ओळींचा जबाब देत कोर्टात उभा राहिला, हे मात्र घडायचे ते घडून गेले. 'लेडी चॅटर्लीज लव्हर' हे पुस्तक लंडनच्या ज्यूरीने १९६० साली निर्दोष ठरवले. तेच मुंबईच्या दुकानात विकल्याबद्दल रणजित उदेशी यांना झालेली शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली कायम केली, आणि हिकलिनची कसोटी स्वतंत्र भारतासाठी मान्य केली. चंद्रकांत काकोडकरांची 'श्यामा' ही कथा १९६२ च्या 'रंभा' दिवाळी अंकात आली. तिच्यावरचा अश्लीलतेचा ठपका पुसला जायला १९६९ साल उजाडले, तेही सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेल्यावर. उच्च न्यायालयाला जे अश्लील वाटले ते सर्वोच्च न्यायालयाला वाटले नाही. खून किंवा चोरी झाली की नाही, यावर न्यायाधीशांचे मतभेद पुराव्याविषयी असतात. इथे पुरावा सगळ्यांसमोर तोच, छापलेला, मतभेद अभिरुचीचा. आणि आपले कृत्य गुन्हा आहे की नाही हे ज्याला सात वर्षांनी कळते, त्याने कायदा पाळायचा तरी कसा?

पण लेखक आणि प्रकाशक यांना निदान वकील मिळतात, वर्तमानपत्रे मिळतात. तमाशाला तेही नव्हते. होनाजी बाळा, राम जोशी, प्रभाकर यांच्या लावण्या पेशवाईत दाद घेत होत्या, दुसऱ्या बाजीरावाच्या आश्रयाने वाढत होत्या. मैफल बड्या माणसाची असली की ती कला. महार, मांग, कोल्हाटी समाजातल्या कलावंतांनी तंबू ठोकून गावकऱ्यांसमोर तीच सादर केली की अनीती, ही वाटणी जुनीच आहे. स्वातंत्र्यानंतर थोड्याच काळात मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली. ती उठली तेव्हा वगाची लेखी संहिता तपासून घेण्याची पद्धत आली. ज्याने तमाशा पाहिला आहे त्याला ही अट कुठे बोचते ते सांगावे लागत नाही. गण आणि गवळण ठरलेली असतात. पण बतावणी फडावर उभ्या उभ्या रचली जाते, सोंगाड्या समोरच्या प्रेक्षकाकडे पाहून शब्द फेकतो, कालच्या बाजारातली घटना आज वगात येते, पाटलाची आणि फौजदाराची टर उडते. हे आधी कागदावर लिहून मंजूर करून आणायचे म्हणजे तमाशाचा जीवच काढून घेणे. लिहिता न येणाऱ्या कलावंतावर लेखणीची अट घालून सरकारने तमाशा सुधारला, असे ज्यांना वाटते त्यांनी एवढेच पाहावे की द्वयर्थी विनोद पुढे लोकनाट्य या प्रतिष्ठित नावाने शहरी नाट्यगृहांत व्यवस्थित चालला. बंद झाले ते कित्येक गरीब फड.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: सरकारने आवर घातला नाही तर लोक कायदा हातात घेतील, म्हणून अधिकृत पहाराच बरा. १९७२ च्या 'सखाराम बाइंडर'चा इतिहास या आक्षेपाला उत्तर देतो. मंडळाने कापाकापी सुचवली, प्रयोग बंद पडले, दिग्दर्शक कमलाकर सारंग उच्च न्यायालयात गेले आणि जिंकले. न्यायालयाने मोकळे केलेल्या नाटकालाही झुंडींचा त्रास चुकला नाही. सरकारी बंदीने झुंड शांत होत नाही. आपली नापसंती कायद्याइतकीच वजनदार आहे, अशी तिची समजूत मात्र पक्की होते. धमकी देणाऱ्याला आवरणे हे पोलिसांचे काम आहे, नाटक आवरणे नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या रंगराजन खटल्यात, चित्रपटाच्या संदर्भात, हेच सांगितले: विरोधकांच्या धमक्या हाताळता येत नाहीत ही सबब राज्याला सांगता येणार नाही. लंडनमध्ये लॉर्ड चेंबरलेनची नाटकांवरची तपासणी १९६८ सालीच रद्द झाली, आणि तिथली रंगभूमी काही रसातळाला गेली नाही. महाराष्ट्रात मात्र पूर्वतपासणीला आव्हान देण्यासाठी अमोल पालेकरांना २०१६ सालीही उच्च न्यायालयाचे दार ठोठावावे लागले.

आता ३३ व्या कलमाकडे परत जाऊ. २००५ साली विधिमंडळाने पोलीस कायद्यात त्याच्या शेजारी दोन कलमे घातली. ३३-अ ने खाद्यगृहे, परमिट रूम आणि बिअर बारमधले नृत्य बंद केले. ३३-ब ने तीन तारे आणि त्यावरची हॉटेले, जिमखाने, क्लब यांना त्यातून वगळले. विधेयक एकमताने मंजूर झाले. डान्स बारमध्ये मुलींचे शोषण होते, तरुण बिघडतात, संसार उद्ध्वस्त होतात, हे तेव्हाचे युक्तिवाद खोटे नव्हते. अनेक घरांनी ते सोसले होते आणि गृहमंत्री आर. आर. पाटील यांच्या तळमळीवर शंका घ्यायचे मला कारण दिसत नाही. पण तेच नृत्य महागड्या हॉटेलात नीतीला बाधत नाही आणि पनवेलच्या बारमध्ये बाधते, हे कुठल्या नीतिशास्त्रात बसते? उच्च न्यायालयाने २००६ साली आणि सर्वोच्च न्यायालयाने १६ जुलै २०१३ रोजी नेमका हाच भेद घटनाबाह्य ठरवला. सुमारे ७५,००० बायकांची रोजी गेली असा आकडा त्या खटल्यात वारंवार आला. त्यातल्या काहींना पोटासाठी देहविक्रयाकडे वळावे लागले हेही न्यायालयासमोर आले, आणि उपाय रोगापेक्षा वाईट ठरला असे न्यायालय म्हणाले. काहीजणी पिढ्यान् पिढ्या नाचगाण्यावर जगणाऱ्या जमातींतल्या होत्या, म्हणजे तमाशाच्या बंदीत ज्यांच्या आज्या सापडल्या त्यांच्याच नाती इथे सापडल्या असतील. सभागृहातले एकमत लोकशाहीचा कौल आहे, असे म्हणणाऱ्यांना माझे उत्तर एवढेच आहे की ज्यांची भाकरी त्या दिवशी गेली त्यांच्यातली एकही बाई मत द्यायला त्या सभागृहात नव्हती. इतरांच्या उपजीविकेविषयी एकमत होणे फार सोपे असते.

उरतात दोन आक्षेप, आणि ते खरोखर वजनदार आहेत. मुलांचे काय, आणि स्त्रीच्या शोषणाचे काय? अल्पवयीनांच्या बाबतीत सरकारने कठोर असलेच पाहिजे. २०१२ चा पॉक्सो कायदा त्यासाठी आहे, आणि वयाची अट लावण्याला कुणाचा विरोध असायचे कारण नाही. हिकलिनची चूक हीच होती की मुलाचे रक्षण करण्यासाठी तिने प्रौढालाही मूल ठरवले. नको असताना कुणाच्या डोळ्यांपुढे काही लादणे, छळ करणे, संमतीशिवाय चित्रे पसरवणे, हेही गुन्हेच असावेत, कारण तिथे दुखावलेला माणूस दाखवता येतो. शोषणाचेही तसेच. डांबून ठेवणे, बळजबरीने नाचवणे, मजुरी बुडवणे, माणसांचा व्यापार या सगळ्यांना कायदे आहेत. ते राबवायला मेहनत लागते, मालकाच्या आणि दलालाच्या कॉलरला हात घालावा लागतो, ठाण्याचे हप्ते बंद करावे लागतात. बंदीला यातले काही लागत नाही. म्हणून ती सोपी वाटते आणि नाचणारीवर पडते.

डान्स बारच्या निकालानंतरही राज्याने हार मानली नाही. २०१४ साली सगळीकडेच बंदी केली, ती न्यायालयाने स्थगित केल्यावर २०१६ साली बारमधील अश्लील नृत्यासाठी वेगळा कायदा आणला. १७ जानेवारी २०१९ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तो कलमाकलमाने चाळला. शाळा-देवळांपासून एक किलोमीटर अंतराची अट गेली, सीसीटीव्हीची सक्ती गेली, दारूची जागा आणि नाचाची जागा यांमधली भिंत गेली. संध्याकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळेची मर्यादा राहिली. आणि आणखी एक अट राहिली: नाचणाऱ्या बाईशी मालकाने लेखी करार केला पाहिजे.