लंकेतील आरोग्याचा जमाखर्च

राष्ट्र श्रीमंत झाल्यावाचून त्याची प्रजा निरोगी होत नाही, असे मत आपल्याकडे पुष्कळदा ऐकू येते. हे मत खरे मानले, तर सुबत्ता येईपर्यंत पोराबाळांचे मृत्यू मुकाट्याने पाहत बसणे एवढेच गरीब देशांच्या हाती उरते. म्हणून ते इतिहासाच्या कसोटीवर घासून पाहणे अवश्य आहे. त्यासाठी आम्ही शेजारची श्रीलंका निवडली आहे. लंकेत सोन्याच्या विटा, असे आपण म्हणतो खरे. पण विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील लंका ही चहा, रबर व नारळ विकून बाहेरून तांदूळ आणणारी एक गरीब वसाहत होती.

१९२६ साली कलुतारा येथे रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साहाय्याने तेथील पहिले आरोग्य पथक निघाले. मोठे रुग्णालय उभारणे हा त्याचा हेतू नव्हता. एका टापूतील सर्व लोकांची जबाबदारी एका वैद्यकीय अधिकाऱ्यावर सोपवावयाची आणि शिकलेल्या सुइणी, परिचारिका व स्वच्छता निरीक्षक यांना घरोघर धाडावयाचे, अशी ती साधी योजना होती. पुढे हीच पथके बेटभर पसरली.

परंतु सरकारी तिजोरीचे तोंड खेड्याकडे वळले ते केवळ दयाबुद्धीने नव्हे. १९३१ साली लंकेत सर्व प्रौढ स्त्रीपुरुषांस मताधिकार मिळाला. लागलीच १९३४-३५ साली हिवतापाची भयंकर साथ आली आणि सुमारे ८० हजार माणसे दगावली. साथीत मदतकार्य करणारे एन. एम. परेरा व फिलिप गुणवर्धन १९३६ साली विधिमंडळावर निवडून आले. मते मागणाऱ्यास आता दवाखान्याविषयी उत्तर द्यावे लागे. १९५१ साली सरकारी रुग्णालयांतील शुल्कही रद्द झाले.

याचे फळ काय मिळाले? १९३० च्या सुमारास दर लाख जन्मांमागे दोन हजारांवर माता मरण पावत. १९५० नंतर थोड्याच वर्षांत हा आकडा पाचशेच्या आसपास आला, आणि शतक संपण्यापूर्वी शंभराच्या खाली गेला. १९४६ साली हजारी सुमारे २० असलेले मृत्यूचे प्रमाण १९४७ साली १४ वर उतरले. याचे सारे श्रेय कित्येकांनी डीडीटीच्या फवाऱ्यास दिले. पण ज्या भागांत हिवताप फारसा नव्हता, तेथेही मृत्यू घटले होते. फवाऱ्याच्या जोडीला सुईण, दवाखाना, स्वस्त तांदूळ आणि मुलींची शाळा ही सारी होती, हे विसरून चालणार नाही. १९८५ साली अल्प खर्चात उत्तम आरोग्य साधणाऱ्यांची उदाहरणे अभ्यासकांनी तपासली, तेव्हा चीन, कोस्टारिका व आपले केरळ यांच्या पंक्तीस श्रीलंका बसली ती यामुळेच.

तथापि या जमाखर्चात एक मोठी खोटही आहे. १९६३ साली साऱ्या बेटावर हिवतापाचे अवघे १७ रोगी आढळले. शत्रू मेला असे समजून फवारणी आवरती घेण्यात आली, पाळत सैलावली. आणि १९६८-६९ मध्ये रोग्यांची संख्या पाच लाखांवर गेली. त्यानंतर डास डीडीटीला दाद देईनासे झाले आणि महागडी औषधे घ्यावी लागली. स्थानिक लागणीचा शेवटचा रोगी २०१२ साली आढळला, आणि जागतिक आरोग्य संघटनेने हिवतापमुक्तीचा दाखला दिला तो २०१६ साली. वाचविलेल्या पैशापायी जवळजवळ अर्धे शतक खर्ची पडले.

यावरून आम्हांस असे वाटते की, किती पैसा खर्चिला याइतकेच तो कोणाच्या दारापर्यंत पोचला आणि किती वर्षे अखंड पोचत राहिला, हे प्रश्न महत्त्वाचे आहेत. रुग्णालयाची इमारत सर्वांस दिसते. सुईण वेळेवर पोचल्यामुळे वाचलेली बाळंतीण कोणाच्या नजरेत भरत नाही. म्हणून काटकसरीची वेळ आली की पहिली कात्री सुइणीच्या पगारावर चालते. ती कात्री अडविणे हे केवळ आरोग्यमंत्र्याचे काम नव्हे. मत देणाऱ्या प्रत्येकाचे ते काम आहे.