टाचणीची उशी आणि उरलेला दोरा

धारवाडच्या हस्तकलेचा विषय निघाला की सर्वप्रथम कसूतीचे नाव घेतले जाते, आणि ते योग्यच आहे. इरकली लुगड्याचे धागे मोजून, कोठेही गाठ न मारता भरलेली गवंती, देवळाच्या पायऱ्यांसारखी चढत जाणारी मुरगी, मेथीच्या दाण्यांची आठवण देणारी मेंथी ही या भूमीची स्वतःची संपत्ती. तिला भौगोलिक मानांकनही लाभले आहे. परंतु हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत कसूतीच्या शेजारीच दुसरी एक कला नांदत होती, ती म्हणजे क्रोशाची. तिचा इतिहास येथे कोणी लिहिला नाही. त्यातही तिच्या सर्वांत लहान वस्तू, म्हणजे उरल्यासुरल्या दोऱ्याची टाचण्यांची उशी, सुया खोचण्याची घडी, कात्रीच्या टोकाची टोपी, अंगुस्तान ठेवण्याचा बटवा, यांची तर नोंद घ्यावी असेही कोणास वाटले नाही.

क्रोशा हा शब्दच परका आहे. फ्रेंच भाषेत त्याचा अर्थ लहानशी आकडी. युरोपातही ही कला आजच्या रूपात फार जुनी नाही. एकोणिसाव्या शतकात ती घरोघर पसरली. १८४५ पासून आयर्लंडमध्ये बटाट्याचे पीक बुडून भीषण दुष्काळ पडला, तेव्हा जोगिणींच्या मठांतून गरीब स्त्रियांना क्रोशाची जाळी विणण्यास शिकविण्यात आले आणि त्या जाळीवर अनेक कुटुंबे जगली. हिंदुस्थानात ही आकडी मुख्यतः मिशनरी स्त्रिया व इंग्रज अधिकाऱ्यांच्या मडमा यांच्याबरोबर आली. बासेल मिशन धारवाडास १८३७ मध्ये व हुबळीस १८३९ मध्ये आले. मिशनच्या मुलींच्या शाळांतून अक्षरओळखीबरोबर सुईकाम शिकविण्याची त्या काळी सर्वत्रच रीत होती.

तथापि आमच्या घरांत क्रोशा आला तो बहुधा पुण्याच्या वाटेने, असे आम्हांस वाटते. धारवाड जिल्हा १९५६ पर्यंत मुंबई इलाख्यात, पुढे मुंबई राज्यात होता. कचेऱ्या, न्यायालये, शाळा यांतून पुणे-साताऱ्याकडील कारकून, मास्तर, मामलेदार बदलून येत; सदर्न मराठा रेल्वेचे मुख्य ठाणे धारवाडास आणि कारखाना हुबळीस झाल्यावर ही ये-जा अधिकच वाढली. त्यांच्या पत्नी व लेकीसुना सामानातून जे घेऊन आल्या, त्यांत आकडीही होती.

आणि पुण्यात या सुईदोऱ्यावरून केवढा वाद माजला होता! १८८४ मध्ये हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली. तीन वर्षांनी, १८८७ मध्ये, टिळकांच्या ‘मराठा’ पत्राने तेथील इंग्रजी वळणाच्या अभ्यासक्रमावर कठोर टीका केली. मुलींना स्वभाषा, नीतिशिक्षण आणि शिवणकाम एवढे पुरे, असा त्या टीकेचा रोख होता. लोकमान्यांविषयी आमच्या मनात पूर्ण आदर आहे, पण या प्रश्नी त्यांची बाजू आम्हांस पटत नाही. गंमत अशी की, जी सुई मुलींना घराच्या मर्यादेत ठेवण्यासाठी पुढे केली गेली, तिलाच रमाबाई रानडे यांनी पोट भरण्याचे साधन केले. १९०९ मध्ये पुण्यात उभ्या राहिलेल्या सेवासदनात शिवणकामाचे वर्ग होते, आणि त्यांतून निराधार व विधवा स्त्रियांच्या हाती चार पैसे येऊ लागले. एकाच सुईचे हे दोन उपयोग ध्यानात ठेवले, तर आपल्या आजी-पणज्यांच्या डब्यातील वस्तूंकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

पुढे १९३० मध्ये किर्लोस्करवाडीहून ‘स्त्री’ मासिक निघाले. किर्लोस्कर घराणे आपल्याच भागातले. लक्ष्मणराव गुर्लहोसूरचे, त्यांचे पहिले दुकान बेळगावात. हे मासिक आमच्याकडील घरांतही येई, आणि विणकाम-भरतकामाचे नमुने एकीच्या वहीतून दुसरीच्या वहीत उतरत. या वह्यांची भाषा मोठी गोड होती. परक्या कलेला मराठी बायकांनी घरबांधणीचे शब्द दिले: साखळी, खांब, अर्धा खांब, मुका खांब. ‘सहा साखळ्या, गोल जोडा, त्यात बारा खांब’ एवढ्या ओळीत टाचणीच्या उशीचा तळ तयार होई. परिभाषा घडविणाऱ्या सरकारी समित्यांना इतके सुटसुटीत शब्द क्वचितच साधले आहेत, हे आम्ही जवळून पाहिले असल्यामुळे सांगू शकतो.

उशीसाठी नवा दोरा कोणी आणत नसे. देवघराचा रुमाल किंवा रुखवतातला तक्तपोस विणून झाल्यावर सुताची गुंडी संपत आलेली असे; स्वेटरची लोकर मूठभर उरे. एक रंग पुरत नसे, म्हणून फेरीगणिक रंग बदले. आज ज्याला रंगसंगती म्हणून नावाजतात, ती मुळात टंचाईची संगती होती. वाकळीला चिंध्या आणि उशीला उरलेला दोरा, हिशेब एकच. खणाच्या चोळीतून वाचलेला गुळेदगुड्ड खणाचा तुकडा आतून अस्तर म्हणून लागे, आणि भरण्यासाठी कापूस नव्हे, तर विंचरताना निघालेले गुंतवळ. आजच्या मुली हे ऐकून नाक मुरडतील. पण त्यात शहाणपण होते. केसांना तेलाचा अंश असतो. त्यामुळे सुई गंजत नाही. उलट कापूस दमट हवा शोषून घेतो, आणि धारवाडचा पाऊस म्हणजे महिना महिना न थांबणारी रिमझिम! मेंढीच्या लोकरीतही नैसर्गिक मेण असते, म्हणून लोकरीच्या घडीत खोचलेली सुई पावसाळाभर चकचकीत राही. विलायतेतही अशा उशा केसांनी भरीत असत. दोहोंकडे अनुभवाने एकच गोष्ट शिकविली.

या उशीचा एक प्रवास मात्र आम्हा नोकरदारांनाच ठाऊक. कचेरीतील कागद एके काळी टाचणीने जोडले जात; टाचणे या क्रियेवरूनच ‘टाचण’ हा दप्तरी शब्द आला. सरकारी टाचण्या कागदी डबीत येत, डबी फाटे, टाचण्या मेजभर पसरत. म्हणून कितीतरी कारकुनांच्या मेजावर घरून विणून आलेली रंगीत उशी असे. कन्नड, मराठी, उर्दू बोलणारे सारेच तिच्यातून टाचणी उपसत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, दप्तराची भाषा क्रमाने बदलली. उशी मेजावरच राहिली. ती विणणारीचे नाव मात्र कोणत्याही दप्तरात सापडणार नाही.

हा केवळ भावनेचा प्रश्न नाही. आंध्रातील नरसापूर भागात मिशनऱ्यांनी रुजविलेल्या क्रोशाच्या जाळीचा मोठा निर्यात व्यापार उभा राहिला. मारिया मीस या जर्मन समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८२ मध्ये त्यावर पुस्तक लिहून दाखविले की, हजारो स्त्रिया दिवसाचे कित्येक तास विणत असूनही त्यांना कामकरी मानले जात नव्हते. ‘घरी बसलेल्या बायका फावल्या वेळात विणतात’ या समजुतीमुळेच मजुरी अत्यल्प राही आणि नफा व्यापाऱ्यांकडे जाई. आमच्या घरांत व्यापार नव्हता, पण समजूत तीच होती. शिवाय विणकामाची यंत्रे सर्वत्र असली, तरी क्रोशाचे हुबेहूब काम करणारे यंत्र बाजारात रूढ झालेले नाही. म्हणजे क्रोशाची म्हणून जी लहानशी टोपी कात्रीवर दिसते, तिच्यामागे कोणाचे तरी हात असतातच.

आता दुकानांत मिळणारी ‘लोकर’ बहुतांशी अॅक्रिलिकची असते. तिला रंग सुंदर, धुण्यास सोपी, पण मेंढीचे मेण तिच्यात नाही. तेव्हा उरलेल्या गुंडीची उशी करावयाची असल्यास आत थोडी खरी लोकर, अथवा जुन्या लोकरी स्वेटरचे कातरलेले तुकडे, भरावेत. आणि घरात जुनी उशी असेल तर ती धुऊ नये. शिवण एका बाजूने हलकेच उसवून आत काय भरले आहे ते पाहावे, आणि कोणी केली, केव्हा केली, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून चिठ्ठीवर लिहून तिलाच टाचून ठेवावे.