पक्का : इंग्रजीतील एक जुने विशेषण

ब्रिटनमध्ये अर्थ : अस्सल, खानदानी, पहिल्या प्रतीचे. भारतीय इंग्रजीत अर्थ : दगड-विटा-सिमेंटचे, कायम टिकणारे. इंग्रजीत सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. इंग्रजी कोश त्याचे मूळ हिंदी ‘पक्का’ असे देतात. उच्चार करताना ‘क्क’चा ठोसा जातो आणि शेवटचा ‘आ’ ओझरता राहतो, त्यामुळे मराठी कानाला ‘पका’सारखे काहीतरी ऐकू येते. वर्तनी तीन तऱ्हेची आढळते : ब्रिटनमध्ये दोन ‘के’, भारतातल्या सरकारी कागदांत दोन ‘सी’, आणि जुन्या पुस्तकांत ‘सी’ला लागून ‘के’. उमरग्याच्या मोंढ्यात दिवसातून दहा वेळा ‘पक्का’ म्हणणारा माणूस इंग्रजी पुस्तकात या शब्दाला अडतो, तो बहुधा या वर्तन्यांमुळेच.

व्युत्पत्ती : संस्कृत ‘पच्’ म्हणजे शिजवणे, त्यावरून ‘पक्व’, प्राकृतात ‘पक्क’. मराठीने या घराण्यातले बरेच जण सांभाळले आणि त्यांना कामे वाटून दिली. आंबा पिकतो, बुद्धी पक्व होते, पाढे पक्के होतात. इंग्रजीतला स्वयंपाकी ‘कुक’ हाही लॅटिनमार्गे त्याच आद्य धातूपाशी जातो, म्हणजे ‘कुक’ आणि ‘पक्का’ दूरच्या भावकीतले.

जुना वापर : यूल आणि बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ (1886) या कोशात ‘पक्का’ समजून घ्यायचा तर ‘कच्चा’ उघडावा लागतो, इतकी ही जोडी घट्ट आहे. वीट, रस्ता, छप्पर, रंग, अंदाजपत्रक, नोकरीतली नेमणूक, कापडावरची शिवण या सगळ्यांना त्या काळचे भारतातले इंग्रज कच्चे-पक्के लावत. पक्का शेर मोठा, कच्चा शेर लहान. पक्का ताप म्हणजे जिवावर बेतणारा. पक्का बदमाशही त्यांच्या बोलण्यात होता, आपल्या ‘पक्का बनेल’चा सख्खा भाऊ. मराठी व्यवहारात ही जोडी अजून धडधाकट आहे : कच्ची पावती आणि पक्की पावती, कच्चा कैदी (खटला चालू असलेला) आणि पक्का कैदी, शिकाऊ परवान्यानंतरचे ‘पक्के लायसन’, बोलणी होऊन पक्की झालेली सोयरीक. खेळात धाकट्याला ‘कच्चा लिंबू’ म्हणतात. पक्का लिंबू मात्र कोणी पाहिलेला नाही.

उमरगा परिसर सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि कचेरीचे कागद उर्दूत चालत; तिथेही ‘पक्का’ होताच. मधली काही वर्षे तेवढी वेगळी. 1853 च्या तहाने नळदुर्गचा मुलूख इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि 1860 साली निजामाला परत मिळाला. सुरुवातीची वर्षे त्याचा कारभार फिलिप मेडोज टेलर याने पाहिला. ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (1839) ही कादंबरी लिहिणारा तो हाच. सोलापूरकडून हैदराबादला निघाले की नळदुर्ग उमरग्याच्या आधी लागते. आपल्या महामार्गाला आज 65 क्रमांक आहे; ‘पक्की सडक’ हे त्याचे त्याहून जुने नाव.

ब्रिटनमधील फिरकी : वसाहतीच्या क्लबांत या विशेषणाला ‘साहेब’ चिकटला. ‘पक्का साहेब’ म्हणजे नेटिवांपासून अंतर राखून रुबाब सांभाळणारा गोरा. मोतीहारीत जन्मलेल्या जॉर्ज ऑर्वेलच्या ‘बर्मीज डेज’ (1934) या कादंबरीत हा प्रयोग वारंवार आणि बोचरेपणाने येतो. साम्राज्य गेले आणि शब्दावर ‘जुना वापर’ अशी खूण बसू लागली. तो मेला मात्र नाही. लेस्टरशरमध्ये 1963 साली निघालेल्या एका कंपनीने मांसाचे सारण भरलेल्या आपल्या ‘पाय’ या भाजलेल्या पदार्थाला ‘पक्का’ नाव दिले, आणि 1999 पासून जेमी ऑलिव्हर हा तरुण बल्लव दूरदर्शनवर चवदार पदार्थाला ‘पक्का’ म्हणू लागला. शिजवण्याच्या धातूपासून निघालेला शब्द अखेर स्वयंपाकघरात पोहोचला, हे ऑलिव्हरच्या गावीही नसावे.

शिकणाऱ्यासाठी : इंग्रजीत हे विशेषण लिंग-वचनाने बदलत नाही, पक्का, पक्की, पक्के सगळ्यांना एकच रूप. ‘उद्या पक्का येतो’ यातला क्रियाविशेषणाचा वापर ब्रिटिश इंग्रजीत चालत नाही. आजच्या ब्रिटिश वापरात ते स्तुतीचे आहे, म्हणून ‘पक्का चोर’ शब्दशः नेला तर लंडनचा वाचक गोंधळेल. उलट भारतीय इंग्रजीत ‘पक्के घर’ म्हटल्यावर कौतुक नसते, वर्गवारी असते. 2016 साली सुरू झालेल्या ‘प्रधानमंत्री आवास योजना – ग्रामीण’च्या इंग्रजी कागदांवर हाच शब्द आहे. घर किमान 25 चौरस मीटरचे हवे.

उमरगा तालुक्यात या वर्गवारीला एक तारीख आहे : 30 सप्टेंबर 1993. त्या पहाटे चारच्या सुमारास किल्लारीचा भूकंप झाला. तेव्हा उमरगा तालुक्यात असलेले, आता लोहारा तालुक्यातले सास्तूर कोसळले. इथली जुनी घरे दगडाची, भिंती दोन-दोन फुटांच्या आणि त्याहूनही जाड. भिंतीच्या जाडीवरून घराचा पक्केपणा ठरायचा. पण दगडांची आतली रांग वेगळी, बाहेरची वेगळी. मध्ये चिखल आणि कपच्या. दोन्ही रांगांना धरून ठेवणारा आडवा लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हताच. वर माळवद : तुळया, फळ्या आणि त्यावर उन्हाळ्यात घर गार राहावे म्हणून वर्षानुवर्षे चढवत नेलेली माती. धक्का बसताच भिंतीचे दोन पदर सुटले आणि ती माती खाली आली. काही घरांत लाकडी खण तसाच उभा राहिला, भिंती मात्र त्याच्या चहूबाजूंना ढीग होऊन पडल्या.

पुढे लातूर-उस्मानाबादमधली 52 गावे नव्या जागी वसली आणि ‘पक्के’ म्हणजे सिमेंट-काँक्रीट हे सरकारी बोलण्यातून गावच्या बोलण्यात उतरले. या नव्या अर्थाने जे पक्के नव्हे, त्या पत्र्याच्या छपराखाली मात्र माणसे निर्धास्त झोपत : पडले तरी पत्राच पडेल.