नोंदवहीतले वैद्य आणि नोंदवहीबाहेरचे

रोग्याने कोणाकडे उपचार घ्यावेत हे त्याने स्वतः ठरवावे की राज्यसंस्थेने, हा प्रश्न पश्चिम किनाऱ्यावर इंग्रजी अमलाच्या बराच आधी, पोर्तुगीज गोव्यात उभा राहिला होता. १५६७ मध्ये गोव्यात भरलेल्या धर्मपरिषदेने ख्रिस्ती रोग्यांना हिंदू वैद्यांकडे जाण्यास मनाई केली. तिच्यामागे औषधांविषयीची शंका नव्हती, तर नव्याने बाप्तिस्मा घेतलेल्यांची श्रद्धा डळमळेल ही भीती होती. ही मनाई पाळली गेली नाही, आणि ती पाळली जाणे शक्यही नव्हते, कारण येथील ज्वर आणि अतिसार युरोपातून आलेल्या वैद्यांना अपरिचित होते. गार्सिया द ऑर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ मध्ये गोव्यातच छापलेल्या आपल्या ग्रंथात स्थानिक वैद्यांकडून मिळालेल्या ज्ञानाची दखल घेतली आहे. पुढे १६१८ मध्ये गोव्याच्या नगरसभेने वैद्यकी करणाऱ्याने ‘फिझिको-मोर’ म्हणजे राज्याच्या मुख्य वैद्यापुढे परीक्षा देऊन परवाना घ्यावा असा नियम केला, आणि शहरातील हिंदू वैद्यांची संख्या ३० वर मर्यादित केली. परीक्षेने कौशल्य तपासता येते, पण एकतिसाव्या वैद्याचे कौशल्य कितीही असले तरी संख्येची मर्यादा त्याला बाहेरच ठेवते. म्हणून या नियमात रोग्याच्या संरक्षणाबरोबरच व्यवसायाच्या वाटणीचाही हेतू होता असे म्हणणे भाग आहे.

मुंबई इलाख्यात हाच प्रश्न वेगळ्या वाटेने आला. १८४५ मध्ये ग्रँट वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाल्यानंतर तेथून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांचा एक स्वतंत्र वर्ग तयार झाला. परंतु रजिस्टर, म्हणजे मान्यताप्राप्त डॉक्टरांची सरकारी नोंदवही, येथे येण्यास १९१२ चा मुंबई वैद्यक कायदा यावा लागला. इंग्लंडमधील १८५८ च्या कायद्याच्या धर्तीवर रचलेल्या या कायद्याने वैद्य आणि हकीम यांना रोगी तपासण्यास बंदी केली नाही, आणि त्याचे समर्थक हीच गोष्ट पुढे करीत. मात्र कायद्याला ग्राह्य असलेला वैद्यकीय दाखला देण्याचा आणि सरकारी रुग्णालयात नेमणूक मिळण्याचा अधिकार नोंदवहीतल्यांपुरता ठेवल्यामुळे व्यवसायाचे स्वातंत्र्य राहिले तरी त्याची पत गेली. त्याहून जाचक भाग शिस्तीचा होता. नोंदलेल्या डॉक्टराने अनोंदणीकृत व्यक्तीशी व्यावसायिक संबंध ठेवणे हे गैरवर्तन मानले जाऊन त्याचे नाव काढून टाकता येत असे. आधुनिक वैद्यकाची पदवी घेऊन आयुर्वेदाच्या शिक्षणालाही वाहून घेतलेले मुंबईचे डॉ. पोपट प्रभुराम यांना, १८९६ मध्ये वडिलांच्या नावाने काढलेल्या आयुर्वेद महाविद्यालयाशी असलेल्या संबंधाबद्दल, याच नियमाखाली वैद्यक परिषदेच्या रोषाला तोंड द्यावे लागले. दोन्ही शास्त्रे जाणणारा माणूस त्या काळी विरळा होता, आणि नव्या व्यवस्थेत नेमका तोच संशयास्पद ठरला, ही या कायद्याची मोठी हानी म्हटली पाहिजे.

वैद्यसमाजाने याला दिलेले उत्तर लक्षपूर्वक पाहण्यासारखे आहे. नोंदणीची पद्धतच नको, रोग्याला निवडीची मोकळीक असू द्या, अशी मागणी त्याला करता आली असती. परंतु त्याच्या पुढाऱ्यांनी मागितली ती स्वतःची नोंदवही. शंकर दाजीशास्त्री पदे यांनी कायद्याच्या आधीच, १९०७ मध्ये, नाशिक येथे वैद्यांचे अखिल भारतीय संमेलन भरवून अभ्यासक्रम आणि परीक्षा यांचा पाया घातला, गंगाधरशास्त्री गुणे यांनी १९१७ मध्ये अहमदनगरला आयुर्वेद महाविद्यालय काढले, आणि १९३३ मध्ये पुण्यात टिळक आयुर्वेद महाविद्यालय उभे राहिले. १९२० च्या नागपूर अधिवेशनात काँग्रेसनेही देशी वैद्यकाच्या बाजूने ठराव केला. या सर्व खटपटीमागे कळकळ होती आणि दूरदृष्टीही. सरकार ज्या भाषेत योग्यता मोजते, त्या भाषेत, म्हणजे वर्ग, वर्षे, गुण आणि प्रमाणपत्र यांच्या भाषेत, आयुर्वेद मांडल्याशिवाय तो टिकणार नाही हे या मंडळींनी ओळखले होते.

१९३७ मध्ये अधिकारावर आलेल्या बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाने, आरोग्य खाते डॉ. मंचेरशा गिल्डर यांच्यासारख्या आधुनिक वैद्यकातील नामांकित डॉक्टराकडे असताना, १९३८ चा मुंबई वैद्यव्यावसायिक कायदा केला. आयुर्वेद आणि युनानी चिकित्सकांसाठी त्याने स्वतंत्र मंडळ आणि स्वतंत्र नोंदवही निर्माण केली, आणि पदवी नसलेल्या पण पूर्वीपासून व्यवसाय करीत असलेल्या वैद्यांसाठी निराळी यादी ठेवली, जेणेकरून ज्यांचे आयुष्य या व्यवसायात गेले त्यांची उपजीविका एका फटक्यात बुडू नये. ही यादी म्हणजे एका पिढीपुरती दिलेली सवलत होती: तिच्यातील माणसे जातील, तसा गुरुगृही शिकलेला वैद्यही कायद्याच्या नजरेतून जाईल, हे त्या रचनेतच अंतर्भूत होते.

१९६१ च्या महाराष्ट्र वैद्यव्यावसायिक कायद्याने ही दिशा पक्की केली. त्याच्या ३३ व्या कलमाने नोंदणीवाचून व्यवसाय करणे हा गुन्हा ठरविला आणि विशिष्ट वर्गांना किंवा प्रदेशांना सूट देण्याचा अधिकार शासनाकडे राखून ठेवला. १९१२ मध्ये अनोंदणीकृत वैद्य दाखल्यापुरता उणा होता. आता तो आरोपी होऊ शकत होता. भोंदूगिरीचा उपद्रव खरा होता, आणि खेड्यापाड्यांत चुकीच्या सुया आणि विषारी भस्मे यांनी दगावलेल्यांच्या दृष्टीने या कलमाची गरज नाकारता येत नाही.

तरीही नोंदवही माणसाचे कौशल्य नोंदवीत नव्हती. ती त्याची पद्धती, म्हणजे तो आयुर्वेदाचा, युनानीचा, होमिओपॅथीचा की आधुनिक वैद्यकाचा, एवढेच नोंदवीत होती. म्हणून पुढचे तंटे पद्धतींच्या सीमेवर झाले. मुंबईतील एका प्रकरणात होमिओपॅथीच्या चिकित्सकाने आधुनिक औषधे दिल्यानंतर रोगी दगावला, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये, ज्या पद्धतीचे शिक्षण नाही तिची औषधे देणे हाच निष्काळजीपणा होय, असा निर्णय दिला. येथे रोग्याच्या निवडीचा प्रश्न नव्याने समोर येतो, कारण होमिओपॅथीच्या दवाखान्यात गेलेल्या रोग्याने होमिओपॅथी निवडली होती आणि त्याला मिळाले दुसरेच. असे असताना २०१४ मध्ये महाराष्ट्राने औषधशास्त्राचा एक वर्षाचा अभ्यासक्रम पूर्ण करणाऱ्या होमिओपॅथी चिकित्सकांना मर्यादित प्रमाणात आधुनिक औषधे देण्याची वाट कायद्यानेच मोकळी केली. ग्रामीण भागातील डॉक्टरांची टंचाई हे त्याचे कारण सांगितले गेले आणि आधुनिक वैद्यकाच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला.

या साऱ्या वादात ज्यांचा आवाज कधी उमटला नाही असे लोक मात्र मोठ्या संख्येने होते. मोडलेले हाड बांबूच्या कामट्यांनी बांधणारा हाडवैद्य, काविळीचे औषध घराण्यात जपणारा शेतकरी, मुळ्या आणि जडीबुटी घेऊन गावोगाव फिरणारा वैदू, आणि पिढ्यान्‌पिढ्या बाळंतपणे करीत आलेली सुईण, यांच्यापाशी ग्रंथ नव्हता, संमेलन नव्हते आणि मंडळावर प्रतिनिधीही नव्हता. वैद्यांनी शास्त्राचा आधार दाखवून राज्याकडून मान्यता मिळविली, आणि तो आधार मान्यतेची कसोटी ठरताच तोंडी परंपरेने आलेले ज्ञान अडाणीपणाच्या सदरात गेले. त्यातले किती खरे उपयोगी होते आणि किती घातक, याची परीक्षा घेण्याची यंत्रणा ना इलाख्याने उभारली ना राज्याने. सुईणीला शासनाने प्रशिक्षण दिले, पण ते तिला शिकविण्यासाठी होते, तिच्याकडून शिकून घेण्यासाठी नव्हते.