बारतोंडीचे मूळ, तुरटीचा ठसा

ब्रह्मपुरी म्हटले की आज भात आणि जंगल आठवते. एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी गॅझेटिअरांत मात्र या गावाची नोंद बारीक सुती कापडासाठी आहे. मध्य प्रांत-वऱ्हाडातील कोष्ट्यांनी विणलेल्या पांढऱ्या कापडावर रंग चढवीत ते रंगारी आणि भावसार. त्यांचा लाल रंग येई आलीच्या, म्हणजेच बारतोंडीच्या मुळांतून.

आल शेतात लावली जाई आणि तीन-चार वर्षांनी खणली जाई. रंग मुळाच्या सालीत. म्हणून बारीक मुळांना भाव अधिक, जाड मुळे जवळजवळ टाकाऊ. तिच्यात रंगवलेला जाडाभरडा खारवा व्यापाऱ्यांच्या वह्यांच्या बांधणीलाही लागे.

छपाईची खरी गंमत अशी की लाकडी ठशातून लाल रंग उमटतच नसे. कापड आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवीत; हिरडा या जंगलांत मुबलक. मग ठशाने लावीत ती तुरटी. काळ्या रेघांसाठी लोखंडाचा गंज आणि गूळ आंबवलेले पाणी. नंतर सारे कापड आलीच्या काढ्यात उकळले, की तुरटी लागली तेथेच लाल पक्का बसे. उरलेल्या जागेवरचा रंग धुऊन, उन्हात वाळवून उतरवीत. ठसा रंग देत नसे. रंग कोठे धरायचा, एवढेच तो कापडाला सांगे.

१८६८ मध्ये बर्लिनमध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी डांबरातील अँथ्रासिनपासून अलिझारिन तयार केले. हे रंगद्रव्य मुळात युरोपातील मॅडर या वनस्पतीच्या मुळांतले. १८६९ मध्ये लंडनला त्यांचा पेटंट अर्ज विल्यम पर्किनच्या अर्जाच्या केवळ एक दिवस आधी दाखल झाला.

‘रासायनिक रंग आले आणि छपाई बुडाली’ असे सरसकट सांगितले जाते. ते अर्धेच खरे आहे. अलिझारिनही तुरटीवरच लाल धरते. रंगाऱ्याचा ठसा तोच राहिला, हिरडा तोच राहिला. बदलले ते भांड्यातले मूळ. पहिला घाव बसला तो आल लावून तीन वर्षे वाट पाहणाऱ्या शेतकऱ्यावर. रंगाऱ्याची पाळी नंतर आली आणि ती आणली गिरणीत यंत्रावर छापलेल्या स्वस्त चिटांनी.

ब्रह्मपुरीशेजारच्या नागभीडात कोसा अजून विणला जातो. विदर्भाच्या कोसा साडीची करवती किनार तीन धोट्यांनी मागावरच घडते, ती छापावी लागत नाही. बारतोंडीचे सांगायचे, तर तिच्या फळांचा रस आता ‘नोनी’ नावाने बाटलीत मिळतो. मुळे जमिनीतच राहतात.