मोह, चारोळी, बिब्बा आणि चेहरा

नरकचतुर्दशीच्या पहाटे मराठी घरांत तेल-उटण्याची वाटी फिरत असते. त्याच दिवसांत जुन्या आदिलाबाद जिल्ह्यातल्या गोंड गावांत गुस्साडी अंगाला नि तोंडाला राख फासून, मोरपिसांचा भारदस्त मुकुट डोक्यावर चढवून नाचत असतात. दंडारीचा हा सोहळा दिवाळीला धरून चालतो आणि व्रत घेतलेला गुस्साडी तो संपेपर्यंत आंघोळ करत नाही. कॅलेंडर एक, मुलूख शेजारचा, पण एकीकडे चेहरा घासून लखलखीत करायचा आणि दुसरीकडे तो राखेखाली झाकून टाकायचा. आजच्या साबण-क्रीमच्या जाहिरातींत जे वाक्य हमखास भेटतं, की आपले पूर्वज शतकानुशतकं निसर्गातल्या वस्तूंनी चेहऱ्याची काळजी घेत आले, ते आदिलाबादच्या जंगलाकडे पाहिलं की डळमळतं. वस्तू होत्या, भरपूर होत्या. पण चेहरा हा शरीरापासून वेगळा काढून रोज जोपासायचा भाग आहे, ही कल्पना तिथल्या जुन्या जगण्यात फारशी दिसत नाही. माझं म्हणणं असं, की ‘नैसर्गिक’ हा गुण झाडात किंवा बीमध्ये नसतोच. झाडापासून बरणीपर्यंतच्या प्रवासात तो शिक्का मारला जातो, आणि त्या प्रवासात वस्तूसोबतचं ज्ञान बहुतेक वेळा मागेच राहतं.

आदिलाबाद हा मराठी वाचकाला परका प्रदेश नाही. निजामाच्या राज्यात 1905 साली स्वतंत्र जिल्हा झालेला हा भाग. 1956च्या भाषावार पुनर्रचनेत त्यातले किनवट आणि राजुरा तेव्हाच्या मुंबई राज्यात, म्हणजे पुढच्या महाराष्ट्रात, आले. उरलेल्या जिल्ह्याचे 2016 साली पुन्हा चार तुकडे झाले. गोंडांची कुळकथा गाणारे परधान घरात मराठी बोलतात, आणि 1940च्या दशकात मार्लवाईला गोंड मुलांसाठी शिक्षण सुरू झालं तेव्हा गोंडी वाचनमाला देवनागरीत छापल्या गेल्या. ते शिक्षण उभं करणारे मानववंशशास्त्रज्ञ क्रिस्टोफ फॉन फ्युरर-हायमेनडॉर्फ यांनी आदिलाबादच्या राजगोंडांवर जाडजूड ग्रंथ लिहिला. त्यांच्या आणि त्यांच्यानंतरच्या नोंदींत देव, कुळं, लग्नं, शेती, जंगलखात्याशी झगडा हे सगळं तपशिलानं येतं. शरीराची सजावट येते ती गोंदणाच्या, दागिन्यांच्या, राखेच्या, हळदीच्या रूपात. यातली प्रत्येक गोष्ट माणूस कोण, कुठल्या कुळाचा, कुठल्या प्रसंगातून जातोय हे सांगते. तोटी जमातीच्या बाया गोंदणाचं काम करत आल्या. एकदा काढलेलं गोंदण मरेपर्यंत अंगावर राहतं, त्यामुळे त्वचेवर काय करायचं याचा निर्णय तिथे रोज आरशासमोर होत नव्हता. तेलाचंही तसंच. नारनूरच्या खामदेव जत्रेत तोडसम कुळाची आत्या दोन लिटरांहून अधिक तिळाचं तेल देवापुढे पिते. तेल अंगाला लावायचंच असतं, हे गृहीत तिथे चालत नाही.

यावर एक सरळ आक्षेप येईल. मानववंशशास्त्रज्ञ देव आणि नातेसंबंध शोधायला गेले होते. बायका घरात तोंडाला काय लावतात हे त्यांनी पाहिलंच नसेल, म्हणून नोंद नाही. आक्षेपात तथ्य आहे. नोंद नसणं म्हणजे गोष्ट नसणं नव्हे. पण ज्या समाजांत चेहऱ्याची स्वतंत्र जोपासना होती, तिथे तिचं शास्त्र लिहिलं गेलं, आणि ते दख्खनपासून फार लांबही नव्हतं. वाग्भटानं अष्टांगहृदय या आयुर्वेदाच्या ग्रंथात मुखलेपाचे तीन प्रकार सांगितले, ते बोटाच्या चौथ्या, तिसऱ्या की निम्म्या जाडीचे असावेत हे ठरवलं, सहा ऋतूंसाठी सहा लेप दिले. लेप चेहऱ्यावर वाळू देऊ नये आणि काढताना आधी ओला करावा, असंही बजावलं. (आज बहुतेक फेसपॅकवर उलट सूचना असते: पूर्ण वाळू द्या, मग धुवा.) कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानं बाराव्या शतकात मानसोल्लास लिहिला; त्यात राजाच्या उपभोगांमध्ये स्नान आणि विलेपन यांची वेगवेगळी प्रकरणं आहेत. आजचं बसवकल्याण, म्हणजे ती कल्याणी, आणि आदिलाबाद पुढे एकाच निजामी राज्यात होते. तेव्हा मुद्दा असा, की चेहऱ्याची काळजी ही दरबाराची, नगराची, फुरसतीची विद्या होती. जंगलानं त्या विद्येला कच्चा माल पुरवला. ती विद्या जंगलाचीच होती असं आज म्हणणं म्हणजे पुरवठादाराला ग्राहक ठरवणं.

कच्चा माल मात्र खरोखर अस्सल होता. मोहाचंच पाहा. मार्च-एप्रिलमध्ये फुलं गळतात, ती पहाटे वेचायची. पावसाच्या तोंडावर फळं पिकतात आणि त्यांतली बी, जिला आपल्याकडे टोळ म्हणतात, ती वाळवून फोडून तेल काढायचं. मध्य भारतातल्या गोंड-कोलाम घरांत हे तेल दिव्याला, भाजीला आणि अंगाला, तिन्ही कामांना चालतं. त्यात ओलिक, स्टिअरिक आणि पामिटिक आम्लांचं प्रमाण मोठं, म्हणून उन्हाळ्यात ते पातळ असतं आणि थंडी पडली की तुपासारखं गोठतं. आदिलाबादची थंडी तेलंगणात सर्वांत कडक. पारा पाच-सहा अंशांवर येणं तिथे नवलाईचं नाही, आणि त्याच जिल्ह्यात मे महिन्यात तो पंचेचाळीसपर्यंत चढतो. अशा हवेत ओठ, टाचा, गाल फुटतात, आणि नेमकं त्याच ऋतूत हे तेल गोठून मलम झालेलं असतं. इथे शास्त्रही आहे, सोयही आहे. पण हे ‘फेस बटर’ नव्हतं; ज्या मडक्यातून दिवा लागायचा त्याच मडक्यातलं बोटभर तेल टाचेला लागायचं, गालाला लागायचं. तेल ताजं असायचं, कारण घाणा गावात आणि टोळ त्याच वर्षीची. वर्षभर पडून राहिलेलं मोहाचं तेल खवट होतं आणि त्याचा वास लपत नाही. वासावरून नाकारणं ही तिथली गुणवत्तेची चाचणी. आजच्या कारखान्यात ते तेल शुद्ध, रंगहीन, गंधहीन करतात. त्यानं ते टिकतं, आणि ते चुकीचं आहे असंही नाही. पण मग हाताशी असलेली ती चाचणी संपते आणि बाटलीवरच्या छापील शब्दावर भिस्त ठेवावी लागते.

चारोळीची गोष्ट थोडी वेगळी. चाराचं झाड आदिलाबादच्या जंगलात मुबलक, त्याच्या बिया फोडून चारोळी निघते, आणि दुधात वाटलेल्या चारोळीचा लेप मराठी मध्यमवर्गीय घरांत चेहऱ्याचा घरगुती उपाय म्हणून पिढ्यान्‌पिढ्या सांगितला गेला. लेप शहरात, वेचणी जंगलात. ही विभागणी नीट लक्षात ठेवावी, कारण बिब्ब्यापाशी ती टोचू लागते. बिब्बा हाही त्याच जंगलातला, शंभर टक्के वनस्पतिजन्य, एकही रसायन बाहेरून न घातलेला. त्याच्या कवचातला काळा रस कपड्यावर कधी न जाणारी खूण करतो, म्हणून परीट तो वापरायचे. आणि तोच रस कातडीला लागला की फोड उठवतो, चेहरा सुजवतो. त्यातली कॅटेकॉल वर्गातली द्रव्यं अमेरिकेतल्या पॉयझन आयव्ही या कुप्रसिद्ध वेलीतल्या द्रव्यांच्याच घराण्यातली. आयुर्वेदानं भल्लातकाला, म्हणजे बिब्ब्याला, औषध मानलं खरं, पण विटेच्या चुऱ्यानं शोधन केल्याशिवाय हात लावू नये असं सांगून आणि कडक पथ्य लावून. गावात फुटलेल्या टाचेला बिब्ब्याचा चटका देणारा माणूस कुठे थांबायचं हे जाणत असे. विदर्भ-मराठवाड्यात बिब्बे फोडून गोडंबी काढणाऱ्या बायांच्या हातांवर आणि तोंडांवर त्या रसाचे डाग आणि व्रण असतात. ती गोडंबी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवांत जाते. निसर्गातून आलेलं म्हणजे त्वचेला मानवणारं, या समजुतीत बिब्बा म्हणीतल्यासारखाच मध्ये पडतो.

कुणी म्हणेल, हा अपवाद पुढे करून नियम खोडण्याचा प्रकार झाला. परंपरेनं घातक वस्तू गाळून सौम्य त्याच ठेवल्या, हीच तर परंपरेची किंमत. अर्धं खरं आहे. परंपरेनं बिब्बा गाळला नाही. तो कुणी, किती, केव्हा वापरायचा हे ठरवून ठेवला. म्हणजे सुरक्षितता होती ती वापरणाऱ्या हातात. आणि सौम्य मानलेल्या वस्तूंनीही काहींच्या त्वचेची आग होते: हळदीची ॲलर्जी असणारे लोक असतात, लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर काळे डाग पडू शकतात. म्हणून नवं काहीही, मग ते घरचं उटणं असो की महागडं सीरम, आधी कोपराच्या आतल्या बाजूला थोडं लावून एक-दोन दिवस पाहावं हा त्वचारोगतज्ज्ञांचा सल्ला त्या जुन्या सावधपणाच्या जवळचा वाटतो. प्रत्येक वनौषधीला ‘साइड इफेक्ट नाहीत’ असं म्हणणारी जाहिरात त्यापासून फार लांब आहे.

जंगलातल्या वस्तूंचं ‘उत्पादन’ होण्याची सुरुवात चेहऱ्यापासून झालीच नाही, साबणापासून आणि मेणबत्तीपासून झाली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून मोहाच्या बिया युरोपात जाऊ लागल्या, कारण तिथल्या साबणाच्या कारखान्यांना स्वस्त चरबी हवी होती. चेहऱ्याची बाजारपेठ नंतर आली. मुंबईत 1919 साली पाटणवाला या उत्पादकांनी अफगाण स्नो ही चेहऱ्याची क्रीम आणली. 1975 साली फेअर अँड लव्हली आली आणि 2020 साली तिनं नावातला गोरेपणा पुसला. मराठी घरांत या सगळ्याला उत्तर म्हणून जी ट्यूब उभी राहिली ती केशव विष्णु पेंढारकरांनी 1952 साली स्थापन केलेल्या विको कंपनीची हळदीची क्रीम. तिचा इतिहास आपल्या मुद्द्यासाठी फार मोलाचा आहे, कारण ही क्रीम सौंदर्यप्रसाधन की आयुर्वेदिक औषध, यावर अबकारी खातं आणि कंपनी यांच्यात अनेक वर्षं खटले चालले. प्रकरण नागपूरच्या आयुक्तालयाकडून थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं, आणि न्यायालयानं ती औषध ठरवली. ट्यूबमधली हळद तीच, चंदनाचं तेल तेच. कर किती लागणार हे मात्र तिला काय म्हणायचं यावर ठरत होतं. हळदीला आणखी एका कचेरीत आपली ओळख सिद्ध करावी लागली. 1995 साली अमेरिकेत हळदीनं जखम भरण्याच्या उपायावर पेटंट दिलं गेलं. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालच्या सीएसआयआर या भारतीय संशोधन परिषदेनं जुने लेखी पुरावे सादर केले आणि 1997 साली ते पेटंट रद्द झालं. त्या लढाईत छापील कागद उपयोगी पडले. आदिलाबादच्या मार्लवाईतल्या किंवा उटनूरमधल्या आजीला मोहाच्या तेलाबद्दल जे ठाऊक आहे ते जोवर कागदावर येत नाही, तोवर पेटंट कचेरीपुढे त्याचं वजन शून्य.

आणि कागदाआधी प्रश्न झाडाचा आहे. निजामाच्या काळात राखीव जंगलाच्या रेषा गावांवरून गेल्या, आणि मोहाच्या फुलांतून दारू होत असल्यानं अबकारी खात्याची नजरही त्या झाडावर राहिली. 1940 साली जोडेघाटला गोंड नेते कोमरम भीम मारले गेले, ते जंगलावरच्या हक्कासाठी लढता लढता. गौण वनोपजाच्या मालकीचा हक्क आदिवासींना देणारा वनहक्क कायदा 2006 सालचा. मोहाच्या बियांना किमान आधारभूत किंमत देणारी केंद्राची योजना 2013 नंतरची. तोवर टोळ अनेकदा व्यापाऱ्याच्या तराजूत तो सांगेल त्या भावानं पडायची. नैसर्गिक प्रसाधन निवडणाऱ्या ग्राहकाला याच्याशी काय करायचंय, असं विचारलं जाईल. त्याला फक्त त्वचा सांभाळायची आहे. उत्तर नैतिक नाही, व्यवहारी आहे. ज्या तेलाच्या बियांना भाव नाही त्या बिया कुणी वेळेवर वेचत नाही, नीट वाळवत नाही; ओल्या ठेवलेल्या बियांत आम्लता वाढते, तेल खराब निघतं आणि मग ते जास्त शुद्ध करावं लागतं. तेलाचा दर्जा वेचणाऱ्या बाईच्या मजुरीपासून सुरू होतो.

तेव्हा बाटली हातात घेतल्यावर समोरच्या ‘नॅचरल’ शब्दाकडे न पाहता मागची बारीक अक्षरं वाचावीत. सौंदर्यप्रसाधनांच्या कायद्यात प्रसाधन म्हणजे काय याची व्याख्या आहे. नैसर्गिक म्हणजे काय याची नाही. घटकांची यादी साधारण प्रमाणाच्या उतरत्या क्रमानं असते, म्हणजे मोहाचं तेल शेवटून दुसरं आलं असेल तर ते नावापुरतं आहे असं धरून चालावं. सुगंध म्हणून घातलेला घटक संवेदनशील त्वचेला बहुधा सर्वांत आधी त्रास देतो, मग तो गुलाबाचा असो नाही तर प्रयोगशाळेतला. उत्पादनाची तारीख क्रीम बनवल्याची असते. आतल्या तेलाची टोळ कोणत्या वर्षीची होती हे ती सांगत नाही. ती उटनूरच्या बाजारातून आली की बस्तरच्या, तिला भाव काय मिळाला, हेही त्या यादीत लिहिण्याची सक्ती कुणावर नाही.