तोच सिनेमा, चौथ्यांदा

एकच सिनेमा माणसाने किती वेळा विकत घ्यावा? आमच्याकडे 'लॉरेन्स ऑफ अरेबिया' आजवर तीनदा आलाय. आधी दोन व्हिडिओ कॅसेट्सचा जाडजूड संच, मग डीव्हीडी, मग ब्लू-रे. आता भिंतीवर फोर-के टीव्ही लागलाय, आणि चौथ्यांदा, म्हणजे अल्ट्रा एचडी ब्लू-रेवर घ्यायचा का, यावर घरात खल चालू आहे. बायको म्हणते, "उंट तेच, वाळू तीच. तुला नवीन काय दिसणार?"

प्रश्न रास्त आहे. पैशाचा आहेच, पण कपाटातल्या जागेचाही आहे. म्हणून जरा मागे जाऊन हिशोब मांडून बघितला.

सोनीचं बेटामॅक्स १९७५ चं, जेव्हीसीचं व्हीएचएस १९७६ चं. त्या भांडणात व्हीएचएस जिंकलं आणि पुढची वीस वर्षं आपण टेप रिवाइंड करत बसलो. डीव्हीडी १९९६ च्या अखेरीस जपानमध्ये आणि १९९७ मध्ये अमेरिकेत आली. २००६ मध्ये पुन्हा तोच खेळ: एकीकडे सोनीचा गट ब्लू-रे घेऊन, दुसरीकडे तोशिबा एचडी-डीव्हीडी घेऊन. जानेवारी २००८ मध्ये वॉर्नरने ब्लू-रेची बाजू घेतली आणि फेब्रुवारीत तोशिबाने हात टेकले. ज्यांनी एचडी-डीव्हीडीची यंत्रं घेतली होती त्यांच्या माथी ती तशीच राहिली. अल्ट्रा एचडी ब्लू-रे आली २०१६ मध्ये, या वेळी भांडणाशिवाय. भांडायला फारसं कुणी उरलंच नव्हतं म्हणा ना!

आता आकडे. अमेरिकन डीव्हीडीचं चित्र ७२० बाय ४८० ठिपक्यांचं. ब्लू-रेचं १९२० बाय १०८०, म्हणजे सहापट ठिपके. अल्ट्रा एचडीचं ३८४० बाय २१६०, म्हणजे त्याच्याही चौपट. कागदावर झकास. पण आपला डोळा कागद वाचत नाही. चांगल्या नजरेला साधारण एक कला, म्हणजे एका अंशाचा साठावा भाग, इतका बारकावा वेगळा ओळखता येतो. हे गणित ५५ इंची टीव्हीला लावलं तर सात फुटांच्या पलीकडून ब्लू-रेचेच ठिपके वेगळे दिसत नाहीत. आमचा सोफा नऊ फुटांवर आहे. म्हणजे ते जादाचे ठिपके आमच्यापर्यंत पोचतच नाहीत!

मग पोचतं काय? रंग आणि उजेड. ब्लू-रेवर प्रत्येक मूळ रंगाच्या २५६ पायऱ्या असतात, अल्ट्रा एचडीवर १०२४. त्यात एचडीआरमुळे दिव्याची ज्योत खरोखर उजळते आणि तिच्या शेजारचा काळोख काळाच राहतो. हा फरक दूर बसूनही कळतो. आमच्या सासूबाईंना चष्म्याशिवायही कळला.

इथवर सगळं यंत्राचं झालं. पण खरी गंमत यंत्रात नाही, सिनेमाच्या जन्मसालात आहे.

'लॉरेन्स' १९६२ चा, ६५ मिलिमीटरच्या रुंद फिल्मवर टिपलेला. प्रदर्शनानंतर त्याची काटछाट झाली, ती १९८९ मध्ये रॉबर्ट हॅरिस यांनी निस्तरली. मग २०१२ च्या सुमारास मूळ निगेटिव्ह ८के तपशिलात स्कॅन करून नवी प्रत तयार झाली. त्या निगेटिव्हमध्ये इतकं काही साठवलेलं आहे की आपली फोर-के चकती त्यातला फक्त काही भागच घेते.

आता '२८ डेज लेटर' बघा. चाळीस वर्षांनी नवा, २००२ चा. पण तो जवळजवळ सगळा मिनी-डीव्ही कॅमेऱ्यावर, डीव्हीडीच्याच दर्जात टिपलेला. त्याला कुठल्याही चकतीवर घाला, जे टिपलंच नाही ते येणार कुठून? त्याच वर्षीचा 'अटॅक ऑफ द क्लोन्स' डिजिटल कॅमेऱ्यावर, पण १०८० रेषांचाच. आणि २००० सालच्या 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ?'नंतर संपूर्ण सिनेमाचे रंग संगणकावर ठरवायची पद्धत रुळली. ते काम बहुधा २के दर्जात व्हायचं. असे कितीतरी सिनेमे फिल्मवर टिपलेले असूनही त्यांची अंतिम प्रत २केच आहे. त्यांच्या अल्ट्रा एचडी चकतीत रंग सुधारतात, पण तपशील ताणून मोठा केलेला असतो. म्हणजे आजोबांच्या काळचा सिनेमा नातवाच्या काळच्या सिनेमापेक्षा जास्त स्पष्ट!

आणि नवी चकती म्हणजे चांगलीच असते, असंही नाही. फिल्मला तिचा स्वतःचा रवाळपणा असतो. तो 'डाग' समजून घासून काढला की माणसांचे चेहरे मेणाचे होतात. 'टर्मिनेटर २'च्या २०१७ च्या चकतीवर हीच टीका झाली, 'ट्रू लाइज'च्या २०२४ च्या चकतीवरही.

थोडक्यात, प्रश्न चकतीचा नाहीच. मूळ निगेटिव्ह कुणी, कसं सांभाळलं याचा आहे. 'पथेर पांचाली'ची निगेटिव्हं १९९३ मध्ये लंडनच्या एका लॅबच्या आगीत होरपळली. वीस वर्षांनी इटलीत, बोलोन्यात, कारागिरांनी ती करपलेली फिल्म हाताने सोडवली, सांधली. चाळीस टक्क्यांच्या आसपास निगेटिव्ह वापरता आली, उरलेल्यासाठी इतर चांगल्या प्रती घेतल्या. २०१५ मध्ये ती त्रयी पुन्हा पडद्यावर आली. आपल्या पुण्यात ८ जानेवारी २००३ ला प्रभातच्या जुन्या आवारातल्या फिल्मच्या कोठीला आग लागली. प्रभातची मूळ नायट्रेट रिळं त्यात गेली. जे सिनेमे उरले ते नंतर काढलेल्या प्रतींच्या जिवावर. उद्या 'संत तुकाराम'ची फोर-के चकती निघाली तरी तिच्यात १९३६ च्या त्या मूळ रिळातलं किती असेल? हा विचार आला की टीव्हीच्या दुकानातल्या त्या चकाचक जाहिराती बघवत नाहीत.

"स्ट्रीमिंग आहे की!" असं भाचा म्हणतो. आहे. पण नेटफ्लिक्स फोर-केसाठी सेकंदाला १५ मेगाबिटचं कनेक्शन पुरतं म्हणतं, आणि चकतीवरून १२८ पर्यंत येऊ शकतात. शिवाय स्ट्रीमिंगवरचा सिनेमा करार संपला की गुपचूप नाहीसा होतो. मात्र भाच्याचंही खरं आहे. ओप्पोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत नवे प्लेअर आणणार नाही म्हणून सांगितलं, आणि बेस्ट बायने २०२४ मध्ये सिनेमाच्या चकत्या विकणंच बंद केलं. बाजार आटतोय.

तेव्हा आमच्या घरापुरता निकाल असा. सरसकट बदल नाही. आधी सिनेमा कशावर टिपला आणि नवी प्रत कशावरून काढली ते बघायचं. फिल्मवरचा असेल, मूळ निगेटिव्हवरून नीट काढलेला असेल आणि आपण तो पुन्हापुन्हा बघणार असू, तरच घ्यायचा. या हिशोबाने 'लॉरेन्स' आणि अपूची त्रयी येणार, '२८ डेज लेटर'ची डीव्हीडी सुखाने जागेवर राहणार. एकूण यादी अकरा सिनेमांची झाली, कपाटात आहेत दोनशेच्या वर.

तुमच्या यादीत किती येतात, करून बघा. आणि जुन्या डीव्हीडी लगेच रद्दीत टाकू नका. त्यातल्या काहींची दुसरी प्रत कधी निघेल याची खात्री कुणीच देत नाही.